जुन्या बाजूचा सज्जा

आयिमकान दारात आली आणि तिथेच थांबली. बुटांवरचा बर्फ वितळून पायपुसणं भिजलं तरी आत यायचं नाव घेईना. शेवटी सागिननेच तिच्या हातातली गोल नानची पिशवी घेतली, तिला हीटरजवळच्या खुर्चीत बसवलं आणि वहिनीला हाक मारली.

बुरुल स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बिश्केकच्या पोलिसांत तिने उभी हयात तपासाच्या कामात घालवली होती. नवरा गेल्यावर नोकरी सोडली, आणि आता लोक आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्या घरी येत. सागिन तिचा धाकटा दीर. त्याची जुनी गाडी, त्याने केलेला चहा आणि त्याचे प्रश्न तिच्या कामी येत. प्रश्न बहुतेक चुकीचे असत. पण चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला बरोबर प्रश्न सापडतो, असं बुरुल म्हणे. ही तारीफ की टोमणा, हे सागिनला अजून कळलं नव्हतं.

आयिमकानचा नवरा जोमार्त ‘केरेगे’ मॉलच्या नव्या भागात देखभालीचं काम करी. त्याला पोलिसांनी खुनाच्या आरोपाखाली उचललं होतं. मेलेली मुलगी होती झिपार, मॉलची अंतर्गत सजावट करणारी. नवा भाग तिनेच सजवला होता, आणि आता जुन्या भागाचंही काम तिच्याकडे आलं होतं. जुन्या भागाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून ती दुपार कलल्यावर खाली पडली. समोर नव्या भागात अल्बीना नावाची मुलगी अत्तराच्या दुकानात होती. तिने पाहिलं. फिकट हिरवा डगला घातलेल्या कुणीतरी दोन्ही हातांनी झिपारला ढकललं, अशी तिची साक्ष होती.

असे हिरवे डगले नव्या भागातले कामगारच घालत. त्या वेळी बाकी सगळे एकमेकांच्या नजरेसमोर होते. जोमार्त तेवढा तळघरात पोत्यांवर आडवा झाला होता, एकटाच.

“त्याचं तिच्याशी काही भांडण?” बुरुलने विचारलं.

आयिमकानने मान खाली घातली. जुन्या भागात वरच्या मजल्यावर तिचं लोकरीच्या चपलांचं छोटं दुकान होतं. सजावटीच्या कामासाठी ते रिकामं करायला लावलं. त्या सकाळी जोमार्तने झिपारला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं होतं. तुझ्या हातून कुणाचं भलं व्हायचं नाही, असंही म्हणाला होता.

“ताई, तो तापट आहे. घरातून दार आपटून निघून जातो. पण गल्लीतल्या कुत्र्याला भाकरी घालून परत येतो,” ती म्हणाली. “तो माणूस मारणार नाही.”

बुरुलने शाल घेतली. सागिन गाडीची किल्ली शोधायला लागला.

*

केरेगेत सागिन कित्येक वर्षांनी पाऊल टाकत होता. लहानपणी त्याच्या आईने त्याला शाळेचे बूट इथेच घेऊन दिले होते. तेव्हा फक्त जुना भागच होता. त्याच्या लक्षात राहिलेलं सगळं जागच्या जागी होतं. लाल आणि करड्या खडीची मोझॅकची फरशी, तिच्यात बसवलेल्या पितळी पट्ट्या, भिंतींना अक्रोडाच्या फळ्या, सज्जांना पितळेचे कठडे. पश्चिमेची सबंध भिंत पिवळ्या काचांची. बाहेर ढग होते, म्हणून ती भिंत आज पेंगुळल्यासारखी दिसत होती. आत थंडी होती. दुकानदार डोक्यावरच्या टोप्या काढत नव्हते.

मधला चौक ओलांडला की एक पत्र्याची पट्टी पायाखाली यायची, आणि तिच्यापलीकडे नवा भाग सुरू व्हायचा. तिथे सगळं पांढरं. छतातून असा लख्ख उजेड पडत होता की माणसाला सावली उरत नव्हती. फरशी आरशासारखी, कठडे काचेचे, छातीपर्यंत उंच. वास कसलाच नाही. जुन्या भागात लाकडाचा, लोकरीचा आणि माणसांचा वास होता.

“इथे हरवलो तर सापडायचो नाही,” सागिन पुटपुटला.

मॉलचा व्यवस्थापक कुबानिच काचेच्या खोलीत बसला होता. त्याचा सूट चांगला होता आणि झोप झालेली नव्हती. घटनेच्या वेळी तो मालकांच्या माणसांबरोबर बैठकीत होता, हे पोलिसांनी आधीच तपासलं होतं. त्याने सगळं सरळ सांगितलं. जुना भाग लोकांना मळकट वाटतो, म्हणून फळ्यांवर पांढरे तक्ते ठोकायचे, फरशी उखडून नवी घालायची आणि दोन्ही भाग एकसारखे करायचे, असं ठरलं होतं. दुकानदारांनाही तसं कळवलं होतं. झिपारने आधी होकार दिला. मग अलीकडे मात्र चालढकल करायला लागली.

“थोडं थांबा म्हणायची,” कुबानिच म्हणाला. “मला काहीतरी दाखवायचंय, ते पाहून ठरवा. काय ते सांगितलं नाही. आणि एक धोशा लावला होता तिने. जुने कठडे उंच करा म्हणून. मांडीपर्यंतच येतात ते. मी म्हटलं, सगळं तोडायचंच आहे, तेव्हा बघू.”

तो समोरच्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिला.

बुरुलने विचारलं, “ती पडली तिथे आणखी काय सापडलं?”

फरशीचे तुकडे, तो म्हणाला. पडताना कुठली तरी कड निखळली असेल. पोलिसांनी ते बघून तिथेच सोडले.

अल्बीना वीस-बावीस वर्षांची, डोळे रडून सुजलेले. तिचं दुकान नव्या भागाच्या दुसऱ्या मजल्यावर, चौकाच्या बरोबर समोर. ती पांढऱ्या उजेडात उभी राहून जुन्या सज्जाकडे बोट दाखवत सांगू लागली. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. सज्जात दोघंजण होती. झिपार या बाजूला तोंड करून, आणि तो पाठमोरा. डोक्यावर टोपी.

“दोघांत काही ओढाताण चालली होती. मग ती मागे सरकली, फिरली, कठड्यापाशी आली. त्याने दोन्ही हात पुढे केले. आणि ती गेली.”

“मग तो पळाला?”

“नाही.” अल्बीनाने आठवून सांगितलं, “खालीच बसला. पाय गेल्यासारखा. मी किंचाळले, खाली पाहिलं. परत वर पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं.”

“डगला हिरवाच होता? जुन्या भागातले लोक निळे घालतात.”

“मला रंग कळतात, ताई. पोलिसांनीही हेच विचारलं. त्याच संध्याकाळी दिवे लावून एकाला हिरवा आणि एकाला निळा डगला घालून तिथे उभं केलं. मी हिरव्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मी हिरवाच पाहिला.”

सागिनला तिचं बोलणं पटलं. बाहेर पडताना त्याने वहिनीला तसं सांगितलंही. बुरुल म्हणाली, “मलाही पटलं. पोरीने पाहिलं तेच सांगितलं.” मग जोमार्तचं कसं, हे विचारायचं सागिनच्या ओठांवर आलं होतं, पण ती तोवर जिना उतरायला लागली होती.

*

जुन्या भागात तळमजल्यावर रईसा पाव्लोवना बटणं, लेस आणि रुमाल विकत बसे. साठी ओलांडलेली रशियन बाई, अंगावर धुऊन धुऊन विरलेला निळा डगला. झिपारजवळ सगळ्यांत आधी तीच पोचली होती. नव्या भागातली माणसं धावत आली तेव्हा मुलीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

बुरुलने लगेच काही विचारलं नाही. रुमाल बघत राहिली, एक निळा निवडला, डोक्याला बांधून आरशात पाहिलं. रईसा हळूहळू आपणहून बोलू लागली.

झिपार याच इमारतीत वाढली. तिची आई बेरमेत शेजारच्या गाळ्यात कापड विकायची. बाप नव्हता. पोर शाळेतून इथेच यायची आणि वर घड्याळवाल्या तोलोगोनबाबांच्या टेबलाखाली त्यांचा कोट पांघरून झोपायची. घड्याळ बघायला त्यांनीच शिकवलं तिला. त्यांना स्वतःचं मूल नाही.

“आणि तीच आता हे सगळं तोडणार म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं?” बुरुलने विचारलं.

“वाईट वाटलं. पण पोरं मोठी होतात, त्यांची पोटं असतात.” रईसाने टेबलाखालून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. “हे तिच्याजवळ पडलेले तुकडे. झाडून भरले. तिच्यासोबत पडलेलं म्हणून टाकवलं नाही. इथली कुठलीच कड फुटलेली नाही, मी बघितलं. कुठून आले कोण जाणे.”

बुरुलने तो खोका मागून घेतला आणि सागिनच्या हाती दिला. तो चांगलाच जड होता.

दुसऱ्या मजल्यावरची बहुतेक दुकानं रिकामी करून कुलपं लावली होती. एकाच ठिकाणी दिवा जळत होता. तोलोगोनबाबा भिंगाची नळी डोळ्याला लावून एका घड्याळात वाकले होते. लोकरीची टोपी, निळा डगला, पांढरी दाढी. पाहुण्यांना त्यांनी स्टूल दिलं आणि थर्मासमधला चहा ओतला.

त्या दुपारी ते इथेच होते, असं त्यांनी सांगितलं. काम डोळ्याला लागलेलं, कान अधू. अल्बीनाची किंचाळी ऐकली तेव्हा उठले. सज्जात कुणी नव्हतं.

“ती तुमच्याकडेच लहानाची मोठी झाली म्हणे.”

म्हाताऱ्याने भिंगाची नळी खाली ठेवली. मग त्याचा आवाज एकदम चढला.

“ही फरशी मी घासली आहे. घड्याळं हातात यायच्या आधी मी मजूर होतो इथे. एकोणिसाव्या वर्षी गुडघ्यांवर बसून दगडाने घासली, हातांची सालं गेली. ती पोर या फरशीवर रांगली. आणि तिनेच ती फोडायला घ्यावी? नानएवढा वाटोळा तुकडा काढून हातात मिरवत होती, जशी काही जत्रेतून आणलेली मिठाई.” आवाज उतरला. “तरी पोर माझीच होती.”

बुरुलने चहा संपवला. घरी कोण असतं, असं तिने सहज विचारलं. बायको, तो म्हणाला, अंथरुणाला खिळलेली. दुपारी घरी जाऊन तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दुसरं कुणी नाही.

जिन्याशी आल्यावर बुरुलने सागिनला सांगितलं, तू नव्या भागात जाऊन अल्बीनाच्या दुकानापाशी थांब, मी जरा सज्जात उभी राहून येते. सागिन खोका घेऊन गेला. एव्हाना ढग फाटले होते आणि पिवळ्या भिंतीतून उन्हाचा लोट आत आला होता. तो समोर बघत उभा राहिला. सज्जात कुणी एक बाई येऊन हात हलवत होती, पण वहिनी काही दिसेना. तो कंटाळला, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, शेवटी चौक ओलांडून वर गेला. बुरुल रागावून उभी होती.

“डोळे आहेत का बटणं? किती वेळ हात करतेय मी.”

“तुम्ही कुठे होतात? तिथे हिरव्या रुमालाची कुणी बाई होती.”

बुरुलने डोक्यावरच्या नव्या रुमालाला हात लावला. तो निळाच होता. ती सागिनकडे इतका वेळ बघत राहिली की त्याला आपलं काय चुकलं ते कळेना.

“चल,” ती एवढंच म्हणाली. “झिपारच्या आईकडे जाऊ, बेरमेत आपांकडे.”

*

शोकाच्या घरात बायका बसल्या होत्या. बेरमेत आपाने दोघांना स्वयंपाकघरात नेलं, कारण तिला बाहेर सगळ्यांसमोर बोलवत नव्हतं. तिचे हात सतत टेबल पुसत होते. स्वच्छ टेबल.

बुरुलने मुलीच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारलं. आपा म्हणाली, खुशीत होती. पण घराचा नुसता उकिरडा करून ठेवला होता. याच टेबलावर कणीक तिंबावी तसं सिमेंट कालवायची. बाजारातून कसलीशी खडी आणून हातोडीने बारीक करायची. माझं मधाच्या केकचं गोल भांडं त्यात वाया घातलं. जमलं नाही की फेकून द्यायची आणि पुन्हा करायची. न्हाणीत बसून ओल्या दगडाने तासन् तास घासत राहायची.

“मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, आधी एका माणसाला दाखवायचंय, मग तुला.”

“कुणाला, ते नाही बोलली?”

आपाने मान हलवली. बुरुलने ते भांडं मागून घेतलं. आपाने का म्हणून विचारलं नाही. फडताळातून काढून तिच्या हातात दिलं. आतल्या कडेला करडं सिमेंट चिकटलेलं होतं.

घरी पोचल्यावर बुरुलने खोक्यातले तुकडे टेबलावर ओतले आणि एकेक करून भांड्यात बसवायला लागली. लाल खडी, करडी खडी, वरची बाजू गुळगुळीत, खालची भांड्याच्या तळासारखी सपाट. वर्तुळ भरत आलं. कड भांड्याला चिकटून बसली.

सागिन म्हणाला, “म्हणजे तिने फरशीतून बरोबर गोल कापून काढलं?”

बुरुल शेवटचा तुकडा हातात धरून बसून राहिली. तिचे डोळे भरलेले सागिनने बऱ्याच वर्षांनी पाहिले.

*

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं. दुपार कलल्यावर बुरुलने तपास अधिकारी इस्कंदरला जुन्या सज्जात बोलावलं. तो एकेकाळी तिच्या हाताखाली काम शिकला होता, म्हणून कुरकुरत का होईना आला. येताना नव्या भागातला एक हिरवा डगला आणायला तिने त्याला सांगितलं होतं. निळा तिने रईसाकडून मागून घेतला. तोलोगोनबाबा आपल्या टेबलाशी होते. तिने त्यांना बाहेर यायची विनंती केली. ते काठी टेकत आले आणि एका बाकावर बसले.

तिने सागिनला निळा डगला घातला आणि पाठमोरं कठड्यापाशी उभं केलं. मग चौकापलीकडे उभ्या असलेल्या अल्बीनाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“अल्बीना, समोरच्या माणसाचा डगला कसला आहे?”

“हिरवा,” फोनमधून आवाज आला. “तसाच. त्या दिवसासारखा.”

इस्कंदरने सागिनकडे पाहिलं. सागिनने स्वतःकडे पाहिलं. निळाच होता.

मग बुरुलने इस्कंदरला हिरवा डगला घालायला लावला. अल्बीना गोंधळली. हा पिवळट आहे, वाळक्या गवतासारखा, असं म्हणाली. बुरुलने तिचे आभार मानून फोन बंद केला.

“तू रात्रीच्या दिव्यांत परीक्षा घेतलीस, इस्कंदर. तेव्हा निळा निळाच दिसणार. पण ती पडली तेव्हा ऊन या पिवळ्या भिंतीतून येत होतं. इथे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला पिवळ्याची सवय होते, त्याला निळं निळंच वाटतं. अल्बीना नव्या भागातल्या पांढऱ्या उजेडात उभी होती. तिथून या उजेडातला फिकट निळा हिरवा दिसतो. काल सागिनने माझाच रुमाल ओळखला नाही. पोरगी खोटं बोलली नाही. दोन्हीकडचे उजेड वेगळे आहेत, एवढंच.”

“म्हणजे जुन्या भागातलं कुणीतरी,” इस्कंदर हळू म्हणाला.

“निळ्या डगल्यातली रईसा खाली झिपारचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. क्षणात ती वरून खाली पोचू शकत नाही. या मजल्यावर दुसरं कुणी नव्हतंच. हिरव्या रंगामुळे तू इथे बसलेल्या माणसाकडे वळून पाहिलं नाहीस.”

तोलोगोनबाबा हलले नाहीत. बुरुल त्यांच्याकडे वळली, त्यांच्या समोर फरशीवर बसली. तिचा आवाज मऊ झाला.

“बाबा, काल तुम्ही म्हणालात, तिच्या हातात नानएवढा वाटोळा तुकडा होता. तो खाली पडून चूर झाला. इस्कंदरने तुकडे पाहिले, कुबानिचने पाहिले, रईसाने झाडून भरले. तो वाटोळा होता हे कुणालाच माहीत नव्हतं. अख्खा तो इथे वरच होता, तिच्या हातात.”

म्हाताऱ्याने टोपी काढली. टक्कल घामेजलं होतं, एवढ्या थंडीत.

“ती हसत आली,” तो म्हणाला. “म्हणाली, बाबा, डोळे मिटा. लहानपणी मी तिला असंच सांगायचो, खिशात खाऊ असला की. मी मिटले. उघडले तर हातात आमची फरशी. मला वाटलं, फोडायला सुरुवात झाली. माझं डोकं फिरलं. दे इकडे म्हटलं. ती म्हणाली, आधी ऐका तरी. मी ऐकलं नाही. ओढायला लागलो. ती सोडेना, मागे मागे गेली.”

त्याने कठड्याकडे हात केला, तो हात तसाच राहिला.

“मी धरायला गेलो होतो. या बोटांना तिच्या बाहीचं कापड लागलं.”

सागिनला डगला काढून टाकावासा वाटत होता, पण हलायचा धीर होईना.

बुरुलने सागिनच्या पिशवीतून केकचं भांडं काढलं आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं. तुकडे आत जुळवून बसवलेले होते.

“हा तुमच्या फरशीतला नाही, बाबा. इथली फरशी कुठेच फुटलेली नाही. हा तिने ओतला आहे. आईच्या स्वयंपाकघरात, या भांड्यात. पुन्हा पुन्हा बिघडला, तरी जमेपर्यंत केला. कुबानिचला ती थांबा म्हणत होती. जुना भाग नव्यासारखा करायचा तिचा विचार बदलला होता. नवा भाग जुन्यासारखा करायचा होता तिला. ही फरशी पलीकडे न्यायची होती. आणि आईला म्हणाली होती, आधी एका माणसाला दाखवायचंय.”

तोलोगोनबाबांनी भांड्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग अंगठा तुकड्यांवरून फिरवला, भेगा ओलांडत, पुढून मागे, जसा कधीकाळी फिरवला असेल तसा.

“लाल खडी जास्त पडली आहे,” ते म्हणाले. “आणि घासताना पाणी कमी वापरलं. मी सांगितलं असतं.”

एवढं बोलून ते भांडं छातीशी धरून पुढे वाकले. खांदे तेवढे हलत राहिले.

नंतर इस्कंदरने, कामाचं म्हणून, गप्प का राहिलात असं विचारलं. जोमार्तला नेलं त्या दिवशी मी पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेलो होतो, ते म्हणाले. पण दुपार झाली होती. घरी तिची कूस बदलायची होती. मनाशी म्हटलं, उद्या सांगू. मग रोज दुपार होत गेली.

जिना उतरताना ते रईसाच्या गाळ्यापाशी थांबले. तिने वर पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिने त्यांच्या कोटाची वरची गुंडी लावून दिली, बाहेर थंडी होती म्हणून.

*

जोमार्त घरी आला. त्याने मॉलचं काम सोडलं. आयिमकान पुन्हा बुरुलकडे आली, लोकरीच्या चपलांचे दोन जोड ठेवून गेली आणि आनंदाचं काही बोलली नाही. आम्ही कुणाच्या दुःखावर सुटलो असं वाटतं, एवढंच म्हणाली.

कुबानिचने मालकांना झिपारचं म्हणणं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं. वसंत लागेपर्यंत अक्रोडाच्या फळ्यांवर पांढरे तक्ते ठोकून झाले होते आणि पिवळ्या काचा उतरवल्या होत्या. आता दोन्हीकडे एकच उजेड होता.

बेरमेत आपा खटल्याला रोज आली. न्यायाधीशांनी तिला काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा ती उभी राहिली. मी त्यांना क्षमा करू शकत नाही, म्हणाली, आणि शिक्षा जास्त द्या असंही माझ्याने म्हणवत नाही, कारण तिला आवडलं नसतं. मग बसली. मुद्दाम मारलं नाही हे न्यायालयाने मानलं, तरी म्हाताऱ्याला तुरुंग चुकला नाही.

त्यांच्या बायकोला टोकमोकला तिच्या भाचीकडे पोचवायचं काम सागिनवर आलं. त्याने गाडीची मागची सीट गाद्या घालून मऊ केली. बुरुल मागे म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नवऱ्याला कामासाठी गावाला जावं लागलं, असं शेजाऱ्यांनी म्हातारीला सांगून ठेवलं होतं. सागिनने निघताना वहिनीला विनवलं होतं, आपणही तेच म्हणू या.

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंना बर्फ वितळून काळी शेतं उघडी पडली होती. बुरुल म्हातारीच्या कानाशी वाकली आणि खरं काय ते सगळं सांगितलं. सागिनने आरशात पाहायचं टाळलं.

म्हातारी रडली नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता की सागिनला गाडी हळू करावी लागली.

“त्या दुपारी तो घरी आला. माझी कूस बदलली. त्याचे हात थरथरत होते. पन्नास वर्षं त्या हातांचा स्पर्श ओळखते मी. विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. मला वाटलं, तो गेला तर माझं कोण करेल.”

पुढे रस्ता खडबडीत होता. म्हातारीने पाठ दुखतेय असं सांगितलं. सागिनने गाडी कडेला घेऊन थांबवली, आणि बुरुलने एक हात तिच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घालून हळूच तिची कूस बदलली.